बांबूवरची सगळ्यात वरची खूण

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कपाटामागे जाळी काढायचा एक बांबू उभा असतो. त्याने जाळी काढताना मी कुणाला पाहिलेलं नाही; जाळी जिथल्या तिथे आहेत. पण त्या बांबूवर चाकूने केलेल्या बऱ्याच खुणा आहेत, आणि एकेक खूण एकेका माणसाची आहे. हेडमास्तरांची आहे, माझी आहे, बदलून गेलेल्या गणिताच्या सरांची आहे, तपासणीला आलेल्या एका साहेबांचीही आहे. प्रमिला मॅडमनी आम्हा सगळ्यांना वल्ह्यासाठी मापून ठेवलं होतं. आमच्यातलं कुणी कधी वल्हं हातात धरणार नव्हतं, ही गोष्ट त्यांना गौण वाटे.

मी मेहकरच्या या शाळेत भूगोल शिकवायला आले, त्याच आठवड्यात माझं माप निघालं. मी डबा उघडून बसले होते. ट्रॅकसूट घातलेल्या, काळ्यासावळ्या, बुटक्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताठ बसा बरं जरा." मला वाटलं, पीटीच्या मॅडम आहेत, पाठीच्या कण्याचं काही सांगत असतील. मी ताठ बसले. त्यांनी बांबूचं टोक खुर्चीच्या बैठकीवर माझ्या मांडीला लागून टेकवलं, माझ्या नाकाच्या शेंड्याशी बोट धरलं आणि खिशातून चाकू काढून तिथे खाच पाडली.

"इथंपर्यंत दांडा. त्याच्यावर पातं," त्या म्हणाल्या. "नदीत जाचं असन तं याच्याहून लांब घेऊ नका, आखूडही घेऊ नका."

"मला पोहता येत नाही हो," मी म्हणाले.

"ते मी कुठी विचारलं?" असं म्हणून त्या बांबू ठेवायला निघूनही गेल्या. मला नद्या नकाशातल्याच आवडतात, हे सांगायचं राहून गेलं.

आमच्या गावाशेजारून पैनगंगा जाते. वर्षातले आठ-नऊ महिने तिच्यात म्हशी बसतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. पण घाटावर पाऊस लागला, की श्रावण-भाद्रपदात हीच नदी अशी काही अंगात आल्यासारखी सुटते, की पुलावर उभं राहून खाली बघवत नाही. पुलाच्या थोडं वर पात्रात म्हसखडक नावाचा एक खडक आहे. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी त्याची पाठ दिसते. पुरात पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी फुटतं, आदळतं, पांढरं होतं आणि पुलाखालच्या डोहात येऊन गोल फिरतं. त्या पाण्यातून प्रमिला मॅडम एकट्या नाव घेऊन यायच्या. एका माणसाची, पिवळ्या रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती नाव. गावात तिला 'केळं' म्हणत. तीत गुडघे टेकून बसायचं आणि एकच पातं असलेलं वल्हं चालवायचं. ही विद्या त्या आणि त्यांचे यजमान लग्नाआधी हिमालयातल्या एका शिबिरात शिकून आले होते. लग्नही तिथेच ठरलं होतं म्हणे. घरच्यांनी पत्रिका पाहिल्या त्या नंतर.

वल्ह्याबद्दल बोलायला लागल्या की मॅडम वेगळ्याच होत. एरवी मस्टरवर सही करतानाही दोन शब्द न बोलणारी बाई, पण या एका विषयावर मधली सुट्टी पुरत नसे. मूठ आडवी हवी, गोल नको, कारण आपल्या नदीचं पाणी चहासारखं गढूळ. पातं बुडालं की दिसत नाही, ते कुठे तोंड करून आहे हे मुठीनेच सांगितलं पाहिजे. दांडा अगदी गोल नको, थोडा चपटा हवा. धातूचा दांडा तुटत नाही, पण थंड पडतो आणि सगळा दणका खांद्याला देतो. लाकडाचा जरा वाकतो, आपल्या वाट्याचं थोडं स्वतः सोसतो. पातं रुंद हवं, पण बाईमाणसाने पुरुषाचं पातं पाहून घेऊ नये. "पाणी कोणाचं ऐकत नाही," त्या म्हणत, "वल्हं ऐकते. मंग ऐकणारं घ्या ना."

पुरात माणसं काढायला म्हणून एकदा तालुक्याला वल्ही आली होती. सगळी प्लास्टिकची, सगळी एका मापाची. ती चालवणाऱ्या पोरांना शिकवायला मॅडमना बोलावलं. त्यांनी ढिगाकडे एकदा पाहिलं आणि तिथल्या साहेबाला विचारलं, "पायात काय नंबर घालता, साहेब?" साहेब म्हणाले, नऊ. "मंग या सगळ्या पोरायले नऊ नंबरच्याच चपला घेऊन द्या. स्वस्त पडन." साहेबाला राग आला, तो आला. पण मॅडमनी ती पोरं ओळीने बसवली, ज्याला जे माप त्यानुसार दांडे कापायला लावले, आणि मगच पाण्याचं नाव काढलं.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्या पोरांकडून पाढ्यासारखा म्हणून घेत. दुसरं वल्हं नावेला बांधल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. पहिलं हातातून सुटलं, मोडलं, तर तेच तुमचा जीव. "आणि दुसरंही आपल्याच मापाचं," त्या म्हणत. "घरात पडलं होतं म्हणून उचललं, असं नाही. ते पाहुण्यासाठी नसते ठेवलं."

अशा या बाईला एका गोष्टीची भीती होती आणि ती भलतीच होती. शाळेत बाकांना व्हॉर्निश लावायचं काम निघालं तेव्हा मॅडमनी रजा टाकली. काम लांबलं, तशी रजा लांबली. हेडमास्तर वैतागून म्हणाले, "पुरात उडी घेते अन् रंगाच्या वासाले भेते. काय बाप्पा ही बाई." आम्ही हसलो. मीही हसले. किसनभाऊ, आमचे शिपाई, तेवढे हसले नाहीत. चहाचे कप उचलून ते बाहेर गेले.

मॅडमचे यजमान पुरात गेले, हे मला रुजू झाल्या झाल्याच कळलं होतं. गावात नव्या माणसाला आधी हेच सांगतात. बाकीचं किसनभाऊंनी हळूहळू सांगितलं. मॅडमचे यजमान अरविंद सर, जवळजवळ सहा फूट उंच, बोलके, दर शनिवारी आमच्या शाळेच्या पोरांना नाव शिकवायला येत. एका भाद्रपदात सकाळी ते एकटे म्हसखडकातून उतरले. नाव पुलाला अडकलेली मिळाली. अंगातलं जॅकेट बाभळीत मिळालं, तुटलेल्या पट्ट्यासकट. वल्हं दोन कोसांवर एका शेतकऱ्याला गाळात सापडलं. सर मिळाले नाहीत. भोयांनी गळ टाकले, जाळी टाकली, खाली धरणाच्या पाण्यापर्यंत शोधलं.

"मंग सोनाळ्याहून मॅडमचे दीर आले," किसनभाऊ म्हणाले. "म्हणे, किती दिवस वाट पाहाची? पळसाचा पुतळा केला."

देह मिळाला नाही, की आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, पानं सुताने बांधतात, धोतर नेसवतात आणि त्याला अग्नी देतात. जाणाऱ्याची आवडती वस्तू सोबत द्यायची म्हणून दिरांनी घरात भिंतीला टेकलेलं वल्हं उचललं. मॅडमनी ते हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, हे माझं आहे. त्याचं ते, गाळात सापडलेलं. मग तेच पुतळ्याला पाठीच्या कण्यासारखं बांधलं आणि नदीकाठी जाळलं. "हातात होतं शेवटपर्यंत, म्हणून तेच बरोबर, असं सगळेच म्हणले," किसनभाऊ म्हणाले. "पण मॅडम तेरवीले बसल्या नाही, न् टिकलीही काढली नाही. कोणी काही बोललं नाही त्याईले. कोण बोलन?"

यात चुकीचं काय झालं होतं, ते किसनभाऊंना माहीत नव्हतं. दिरांना माहीत नव्हतं, भटजींना माहीत नव्हतं. मलाही कळलं नसतं. पण मला त्या बांबूने आधीच कोड्यात टाकलं होतं. सगळ्या खुणांच्या बऱ्याच वर एक खूण होती, जुनी, काळी पडलेली. आमच्यात तेवढं उंच कुणीच नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, ही कुणाची? मॅडम म्हणाल्या, "आहे एकाची."

पुढे केव्हातरी त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी त्या लपवत. मग खडू उचलताना तोंड वाकडं व्हायला लागलं. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर त्या अंगणात बसून एका वल्ह्याला जवसाचं तेल चोळत होत्या. व्हॉर्निश नाही, त्या कधीच व्हॉर्निश लावत नसत. खांद्यामुळे हात पुढे जात नव्हता, म्हणून मी म्हणाले, द्या इकडे, मी चोळते. वल्हं माझ्या मांडीवर आलं. चोळता चोळता माझ्या मनात सहज आलं, की बघावं तरी आपल्या मापाचं आहे का. मी ते मॅडमच्या पद्धतीने खुर्चीवर टेकवून उभं धरलं. दांडा माझ्या नाकाशी संपला नाही, कपाळाशीही संपला नाही. तो डोक्याच्या वर गेला. आणि मी मॅडमपेक्षा चांगली वीतभर उंच आहे.

त्यांना ते दिसलं.

"भूगोलवाल्या बाईले एवढं माप समजते," त्या म्हणाल्या. "घरच्यायले नाही समजलं."

"हे सरांचं आहे," मी म्हणाले. "मग ते जाळलं ते?"

"माह्यं."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, अंगणाच्या फाटकाकडे बघत. आदल्या संध्याकाळी त्यांनी सरांच्या वल्ह्याला व्हॉर्निश लावलं होतं. सर कधीपासूनचे म्हणत होते, लाकूड पाणी प्यायला लागलं आहे. सकाळी उठल्यावर त्यांना चकचकीत दिसावं म्हणून यांनी न सांगता लावलं. रात्रभरात हवा दमट झाली. सकाळी पाणी चढल्याची बातमी आली, सर निघाले, आणि वल्ह्याला हात लावला तर चिकट. ते हसले. म्हणाले, आजच्या दिवस तुझं नेतो.

"मी म्हटलं, ने." मॅडमनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. "एवढंच म्हटलं. मी सगळ्या दुनियेले सांगते माप पाहा, माप पाहा. त्याले म्हटलं, ने."

उंच माणसाच्या हातात आखूड वल्हं आलं, की पाण्याला पोचायला त्याला नावेबाहेर वाकावं लागतं. म्हसखडकाशी वाकला की संपलं. सर तिथेच वाकले असतील, असं त्यांना वाटे. कुणी पाहिलेलं नव्हतं. पण त्या ते रोज पाहत होत्या, हे मला तेव्हा कळलं. तासाला खिडकीशी उभ्या राहत तेव्हा, पाणी चढलं की मध्येच गप्प होत तेव्हा. एकदा स्टाफरूममध्ये सगळे बोलत असताना हात वर करून म्हणाल्या होत्या, "थांबा, कोणी हाक मारून राह्यलं." आम्ही थांबलो होतो. काही नव्हतं, लांबून नदीचा आवाज येत होता.

"मग दिरांना खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"ते हे जाळाले निघाले होते. मले वाटलं, अजून ओलं आहे." त्यांनी वल्ह्याच्या पात्यावरून हात फिरवला. "वाळलं होतं तसं. पण मले वाटलं."

तेव्हापासून दर वर्षी, सर गेले त्या तिथीला, पाणी असेल तर मॅडम म्हसखडकातून उतरत; आणि उतरत त्या सरांच्या वल्ह्याने. सगळ्या तालुक्याला मापं काढून देणारी ही बाई स्वतः डोक्यावरून जाणारं वल्हं चालवत होती. लांब वल्ह्याने बुटक्या माणसाचा हात प्रत्येक फटक्याला खांद्याच्या वर उचलला जातो, आणि तिथे पाण्याचा दणका बसला की खांदा जागचा हलतो. मागच्या खेपेला तो हललाच होता. डोहात कशाबशा पोचल्या, एका हाताने. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यात पुन्हा निखळला तर बुडाल. मॅडमनी त्यांचं ऐकून घेतलं होतं आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या होत्या, "बरे आहेत डॉक्टर. तरुण आहेत."

मला राग आला. खरंच सांगते, कीव वगैरे नाही, राग आला. एवढ्या लोकांना जगवण्याची अक्कल शिकवायची आणि स्वतः दर वर्षी मरायला जायचं, हे मला ढोंग वाटलं. सोमवारी मधल्या सुट्टीत मी कपाटामागचा बांबू काढला आणि त्यांच्यासमोर खुर्ची सरकवली.

"बसा ताठ."

"माह्यं माप काय घेता? मले पाठ आहे."

"पाठ आहे तं वापरत काऊन नाही?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. हेडमास्तरांनी पेपर खाली केला.

मॅडमनी खुर्ची जरा मागे ओढली. मग बसल्या. बांबू बैठकीवर टेकवला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या नाकाशी बोट धरलं, किसनभाऊंनी चाकू दिला आणि मी खाच पाडली. बांबूवरच्या सगळ्या खुणांत ती सर्वांत खाली आली. सगळ्यात वरच्या आणि या खुणेमध्ये आम्ही बाकीचे सगळे होतो.

"मिस्त्रीकडे चला," मी म्हणाले.

"चला," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मला ओठांवरूनच कळलं.

बसस्टँडमागच्या मिस्त्रीने सागाचे तीन दांडे काढून ठेवले होते. वल्हं निवडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मॅडमनी भुशातच गुडघे टेकले. एकेक दांडा हातात घेत, डोळे मिटून मूठ फिरवत, थांबत, मग डोळे उघडून मूठ कुठल्या बाजूला आहे ते बघत. पहिला दोनदा चुकला, बाजूला ठेवला. दुसरा त्यांनी कानाशी नेऊन बोटाने वाजवला आणि नाकारला. का, ते मिस्त्रीनेही विचारलं नाही. तिसरा हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा बदलला. ओळखीचं माणूस अंधारात हाताला लागावं तसं काहीतरी झालं. त्या तो फिरवत राहिल्या आणि डोळे मिटलेलेच ठेवले.

"असंच होतं," त्या म्हणाल्या. जाळलेल्या वल्ह्याबद्दल बोलत होत्या.

मिस्त्रीने विचारलं, पॉलिश मारून देऊ का? मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस थांबायला तयार नव्हता. तिथीच्या दिवशी शाळेला पूरसुट्टी होती. मी आणि किसनभाऊ पुलावर जाऊन उभे राहिलो. आमच्याआधीच पोरं मोबाइल उंच धरून उभी होती; मॅडमची रील काढायला दर वर्षी गर्दी होते. मी तिथीचं त्यांना काही सांगितलं नाही. पाणी लाल, फेसाळ, म्हसखडकाची पाठ जेमतेम वर. खांद्याचं, वयाचं, पाण्याचं, सगळं एकदम आठवत होतं.

मग वळणावर केळं दिसलं. मॅडम गुडघ्यावर, हेल्मेट घातलेल्या, हातात नवं आखूड वल्हं. खडकाशी त्या आल्या तेव्हा मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. हात खांद्याच्या वर जात नव्हता. पातं आत जायचं, वळायचं, बाहेर यायचं, आणि नाव मॅडमच्या मनात असेल तशी फिरायची. पांढऱ्या पाण्यात एकदा पूर्ण दिसेनाशा झाल्या आणि खडकाच्या या अंगाला वर आल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. किसनभाऊंनी माझा हात घट्ट धरला होता, तो सोडला. मी जिंकले, असं मला वाटलं. लपवून काय करू, वाटलंच.

मॅडम डोहात आल्या, आमच्या अगदी खाली. तिथे पाणी गोल फिरतं, नावही संथ फिरते. त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. वर आमच्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला नावेला बांधलेलं दुसरं वल्हं दिसलं. नावेच्या अर्ध्याहून जास्त लांबीभर पसरलेलं, मी तेल चोळलेलं तेच काळसर वल्हं, पातं मागच्या टोकापाशी.

मॅडमनी वाकून त्याच्या दोरीची गाठ सोडली. वल्हं उचललं नाही. फक्त त्याची मूठ नावेच्या काठाबाहेर येईल एवढं सरकवलं, पाण्यातून कुणी हात वर केला तर लागावी अशी. आणि हात बाजूला घेऊन बसून राहिल्या. नाव फिरत राहिली. दर फेऱ्याला ती मूठ डोहाच्या एकेका बाजूला जाऊन परत येत होती.

पोरं कंटाळून मोबाइल खिशात घालायला लागली. किसनभाऊ कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "दुसरं वल्हं आपल्याच मापाचं पाह्यजे म्हणते ना मॅडम? मंग हे एवढं लांब काऊन घेतलं?"

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त होऊन सोनाळ्याला दिरांकडे राहायला गेल्या. फोन येतो अधूनमधून. खांदा बरा आहे म्हणतात. मी मात्र त्यांना पाण्यावर शेवटचं पाहिलं ते तिथे, पुलाखाली. तेव्हा किसनभाऊ उत्तराची वाट पाहत होते आणि मी त्या मुठीला कुणाचा हात लागतो का, ते बघत होते.